गोफणीच्या टप्प्यात

उजनीच्या पाण्याकाठी, दिवस उगवायच्या आधी, एका माणसानं डाव्या हातात काळा हातमोजा चढवला. मग उजव्यात.

*

चिमणी ज्वारीचा दाणा खात नाही. दुधात आलेला दाणा ती चोचीनं दाबते, दूध पिते आणि साल कणसावरच ठेवते. लांबून कणीस भरलेलं दिसतं. हातात धरलं की पिसासारखं हलकं.

*

जेऊरच्या बाजारात चमकणारी पट्टी मिळते. एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं रुपेरी. चार मेढींना ताणून बांधली आणि वारा सुटला की ती दिवसभर गुणगुणते. तिला भाकरी लागत नाही. तिचे गुडघे दुखत नाहीत.

*

वैजयंतीच्या टाचेला भेग पडली होती आणि तिनं तीत मेण भरलं होतं.

*

इंजिन, पंखा, टाकी, पट्टे, सगळं मिळून एकतीस किलो. माणूस ते पाठीवर घेऊन वाऱ्याच्या तोंडावर पंधरा-वीस पावलं धावतो आणि मग त्याला धावावं लागत नाही.

*

गोजाबाईनं लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पन्नास पावलांवरच्या बोरीचं एक बोर गोफणीनं पाडलं होतं. एकच बोर, पान हललं नाही. तिची जाऊ बजाबाई हे येईल त्याला सांगायची, आणि दर वर्षी ते बोर आणखी दहा पावलं लांब जायचं.

*

पौषातली सकाळ होती. संक्रांत आठ दिवसांवर आलेली. वाडीच्या शिवारात ज्वारी आता एकट्या गोजाबाईच्या घरचीच राहिली होती. पाणी आल्यापासून सगळ्यांनी ऊस धरला, केळी लावल्या; तिच्या पोरानं, जोतिरामनं मात्र घरच्या भाकरीपुरती दोन एकर मालदांडी सोडली नव्हती. त्यामुळं झालं काय, आजूबाजूच्या चार गावांतली पाखरं उसात झोपायची आणि उठली की थेट जोतिरामच्या ज्वारीत जेवायला यायची. जणू आमंत्रण होतं.

"आई, आज माळ्यावर चढू नगंस," गाडीला किक मारता मारता जोतिराम म्हणाला. "येताना जेऊरातनं पट्टी आणतो."

"आण की. पट्टीला शिव्या येत्यात का?"

"पाखरं शिव्यांना भित्यात व्हय?"

"शिव्यांना न्हाय. देणाराला भित्यात."

जोतिराम हसला नाही. त्यानं किक मारायची थांबवली. "वरच्या अंगाच्या पाच तासांतली, पाच ओळींतली कणसं हलकी पडल्यात. काल हातात धरून बघितली. चार दिसांत पाच तासं. तुजं ध्यान नसतंय आता. पेंगतीस."

साठी उलटलेल्या बाईला तिच्याच वावरात, सुनेसमोर, पेंगतेस म्हणणं. गोजाबाईनं पदर खोचला, गोफण खांद्यावर टाकली, ओच्यात ओढ्यातले गोटे भरले आणि चालायला लागली. तिच्यामागून सून वैजयंती विळा आणि पाटी घेऊन निघाली. जोतिरामची गाडी दुसऱ्या बाजूला गेली.  बांधावर आल्यावर वैजयंती म्हणाली, "त्यांचं मनावर घेऊ नगा, आत्या."

"म्या कशाला घिऊ? पेंगती त्या बाईनं घ्यावं."

माळा बाभळीच्या चार मेढींवर उभा होता, पुरुषभर उंच. गोजाबाई शिडीच्या आडव्या काठ्या पायानं चाचपत वर चढली. वर गोणपाटावर बसून तिनं पाय पसरले, गुडघे चोळले. दवानं कणसं ओली होती. पहिला थवा आला तसा तिनं गोटा गोफणीच्या झोळीत घातला, एक टोक बोटात अडकवलं, दुसरं मुठीत धरलं, डोक्याभोवती दोन फेरे दिले आणि सोडलं. फट्ट! थवा उठला, वळला, उसावर जाऊन बसला.

"हाऽऽ होऽऽ! तुमच्या सात पिढ्या उपाशी ऱ्हातील रं!"

खाली बांधावर गवत कापणारी वैजयंती हसली. टाचेवर भार नको म्हणून ती एका गुडघ्यावर टेकून कापत होती.

असे चाळीस-पन्नास गोटे झाले. ऊन खांद्यावर आलं. तेवढ्यात पश्चिमेकडून आवाज यायला लागला.

फवारणीच्या पंपाचा असतो तसा आवाज. शेजारच्या मानसिंगच्या केळीत फवारा चालू असेल, असं गोजाबाईला वाटलं. पण पंपाचा आवाज एका जागी असतो. हा जवळ येत होता. आणि केळीत नव्हता, केळीच्या वर होता. तिनं कपाळावर हात धरला. उसाच्या शेंड्यांवरून दोन छत्र्या येत होत्या. वाकड्या, लांबट, दुधीभोपळ्याची फोड आडवी धरावी तशा. एक डावीकडं, ठसठशीत. दुसरी तिला लागून, जरा वर आणि फिकी. दोन्हींखाली एकेक माणूस लोंबत होता, खुर्चीत बसल्यासारखा पाय पुढं सोडून.

आता यात्रेतला पाळणा पाहिलेल्या बाईला लोंबणाऱ्या माणसाचं काय कौतुक! गोजाबाईला पुढचं दिसलं. त्या आवाजानं मानसिंगचा अख्खा ऊस उठला. चिमण्या, सुगरणी, राघू, जे काही उसात दडलं होतं ते एका दमात आभाळात गेलं, गोंधळलं, आवाजापासून लांब पळालं. आणि लांब म्हणजे कुठं, तर तिच्या ज्वारीत. दोन एकरांवर मूठभर मूठभर पाखरं पेरावी तशी पडली. कणसं वाकली.

"आरं ये! आरं मुडद्या! तिकडनं जा की!"

तिनं गोटा फेकला, पाखरं उठली आणि परत बसली. वरचा आवाज गोफणीच्या फटक्यापेक्षा मोठा होता. दुसरा फेकला. कुणी उठलं नाही. छत्र्या माळ्यावर आल्या, बाभळीच्या दुप्पट उंचीवर, त्याहून जास्त नाही. डावीकडच्या माणसानं हात हलवला. आपुलकीनं हलवला असेल. गोजाबाईला तो हिणवल्यासारखा वाटला. पाच तासं हलकी पडलीच होती. आता दोन एकर हलके पडणार, आणि संध्याकाळी पोरगा म्हणणार, पेंगतीस.

पुढचं तिनं केलं असं म्हणणं बरोबर नाही. हातानं केलं. चाळीस वर्षं जो हात पाखरू दिसलं की फिरत होता, तो फिरला. झोळीत गोटा, बोटात टोक, दोन फेरे, आणि डावीकडच्या छत्रीखाली फिरणाऱ्या पंख्यावर नेम.

फट्ट!

आणि लगेच वरून, त्याहून मोठं: कडाक्!

आवाज मोडला. पंप बंद पडावा तसा एकदम. शिवारात इतकी शांतता झाली की गोजाबाईला कणसांवर चोचींचा आवाज ऐकू आला. दोन्ही छत्र्या मुकाट्यानं खाली बसायला लागल्या, ज्वारीवरून, बांधावरून, मानसिंगच्या उसाच्या तुकड्यावरून, आणि ओढ्याकाठच्या करंजांच्या पलीकडं दिसेनाशा झाल्या.

गोजाबाईच्या हातात गोफणीचं एकच टोक होतं. दुसरं खाली लोंबत होतं.

*

"आत्या, काय झालं? आवाज का बंद पडला?" वैजयंती उठून उभी राहिली होती. वाकून गवत कापणारीला वरचं काही दिसलं नव्हतं. मोठी सावली अंगावरून गेली एवढंच.

गोजाबाई शिडीवरून उतरली. शेवटच्या दोन काठ्या चुकल्या आणि ती ढेकळांवर गुडघ्यावर पडली.

"म्या माणूस मारला."

"काय?"

"गोटा मारला. खाली पडलं. दोगं हुतं, दोगं बी पडलं."

वैजयंतीनं आधी सासूकडं पाहिलं, मग गोफणीकडं. मग तिनं गोफण धरली. "ही हिकडं द्या. ज्वारीत टाकू. आपण काय बघितलं न्हाय."

"सोड."

"आत्या, ऐका माजं! मुद्दाम मारला न्हाय तुमी."

"मुद्दामच मारला. नेम धरून मारला. सोड म्हंती ना!" गोजाबाईनं गोफण हिसकावली. "पळ आदी. जिता असंल तर पाणी लागंल. कळशी घे."

*

पळताना: ज्वारीची पानं तोंडावर करवतीसारखी, डावा गुडघा प्रत्येक पावलाला आत वळतोय, ओच्यातले उरलेले गोटे मांडीवर आपटतायत, तिनं ओचा सोडला, गोटे पायात पडले, त्यांच्यावरून पाय घसरला, कुणाचं लेकरू असेल, त्याची आई कुठं बसली असेल आत्ता, भाकरी थापत असेल, तव्यावरची उलटत असेल, दुसरा का खाली आला, पहिल्याला उचलायला आला असेल, का तोच गोटा दोघांना लागला, एका गोट्यात दोन बोरं कधी पडली होती का, बजाबाई असती तर म्हणाली असती, गोजे, शंभर पावलांवरनं, देवा, हे कौतुक नको, ओढा आला, पाणी घोट्याएवढं, गार, पलीकडं ओढ्याचा काठ हातांनी धरून चढायचा, मागून वैजयंतीच्या कळशीतलं पाणी हिंदकळतंय, चढ, चढ, चढ.

*

ओढ्यापलीकडं त्यांचाच अर्धा एकर हरभरा होता, घाट्यांनी लगडलेला. त्यावर पिवळंजर्द कापड अस्ताव्यस्त पसरलं होतं आणि कापडाच्या या टोकाला एक माणूस उभा होता. उभा. पाठीवर जाळीचा गोल पिंजरा, डोक्यावर शिरस्त्राण. तिशी-पस्तिशीचा, दाढी राखलेला. दोन बायका काठावरून वर येताना पाहून त्यानं दोन्ही हात जोडले.

"मावशी, माफ करा. तुमचा हरभरा मोडला. दुसरीकडं उतरायला जागाच नव्हती की हो."

गोजाबाई मट्कन खाली बसली.  वैजयंतीनं कळशी पुढं केली. त्या माणसाला वाटलं म्हातारीसाठीच आहे, म्हणून त्यानं ती घेऊन गोजाबाईच्या तोंडाला लावली.

पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं तेव्हा ती म्हणाली, "हात हलतोय का तुजा?"

"हलतोय."

"पाय?"

"दोन्ही."

"डोकं?"

"ते आधीपासून असंच आहे."

वैजयंतीला हसू फुटलं आणि तिनं ते पदरात दाबलं. गोजाबाई हसली नाही. तिनं गोफण त्याच्या पायांपुढं ठेवली.

"म्या मारला तुला. ह्येनं. तितनं, माळ्यावरनं."

"काय मारलं?"

"गोटा. तुज्या पंख्याला."

तो गोफणीकडं पाहत राहिला. मग ओढ्यापलीकडं, उसापलीकडं, माळ्याकडं. "अय्यो अव्वा," तो हळूच म्हणाला. "एवढ्या लांबून?"

"अव्वा म्हंजी?"

"आमच्या अक्कलकोटकडं आईला म्हणत्यात." त्यानं पट्टे सोडले, पाठीवरचा पिंजरा हरभऱ्यात उतरवला आणि त्याच्याभोवती फिरून उकिडवा बसला. लाकडी पंख्याचं एक पातं टोकाला तुटलं होतं. त्यानं जाळीत बोट घालून काहीतरी ओढलं. काळ्या कापडाची चिंधी. मग आणखी एक. मग शिवणीसकट एक अख्खं बोट, माणसाच्या हाताचं नव्हे, मोज्याचं.

"हे बघा. तुमचा गोटा नाही. माझा हातमोजा." त्यानं आपला डावा हात दाखवला. उघडा, थंडीनं सुजलेला. उजव्या हातात मोजा तसाच. "केळीचा फोटो काढायला काढला, मांडीखाली दाबला, आणि विसरलो. मागं ओढला गेला. पहिल्या दिवशी शिकवतात ते हे, अंगावर सुटं काही ठेवायचं नाही. चार वर्षं मी दुसऱ्यांना शिकवतोय. कुणाला सांगू नका."

"म्हंजी गोटा लागला न्हाय?"

"लागला असता तर दगडाची खूण असती की. पातं बघा. चिंधी गुंडाळली, तिथनंच मोडलंय. इंजिन मी बंद केलं. ते बंद पडलं तरी ही छत्री सावकाश खाली आणते. पाडत नाही."

गोजाबाईनं तुटलेल्या पात्यावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग तिनं दोन्ही हात जमिनीला टेकवले, हरभऱ्याच्या आंबात, पानांवरच्या आंबट दवात, आणि मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. छातीवरची जात्याची तळी कुणी उचलावी तशी ती हलकी झाली. वैजयंतीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बघा, आत्या. न्हाय म्हनत हुते म्या? काय सुदिक झालं न्हाय."

"व्हय गं." तिनं डोळे पुसले. आणि एकदम मान वर केली. "आन दुसरा?"

"कोण दुसरा?" दोघांनी एकदमच विचारलं.

"दोन छत्र्या हुत्या. एक ही. दुसरी तुज्या उजव्या अंगाला, जरा वर. ती बी संगंच खाली आली. ती कुटं हाय?"

त्या माणसाचा चेहरा बदलला. त्याचं नाव विरुपाक्ष. तो आणि त्याचा मित्र अजिंक्य पहाटे उजनीवरून निघाले होते. आज करमाळा, उद्या बार्शी, परवा अक्कलकोट. मधे शेतंच शेतं, कुठंही उतरावं, पेट्रोल भरावं, पुढं जावं. पण अजिंक्य पुढं गेला होता, चांगला दहा-बारा किलोमीटर पुढं.

"माझ्याबरोबर कुणी नव्हतं, अव्वा."

"हुतं! म्या ह्या डोळ्यांनी बघितलं. माजा गोटा त्येला लागला."

"मागं वळला असेल का?" विरुपाक्ष स्वतःशीच म्हणाला. "मी दिसेना म्हणून मागं वळला असेल. माझ्या वर येऊन..." त्यानं खिशातून मोबाईल काढला, लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला.  "हवेत असला तर उचलणार नाही. नाहीतर..."

'नाहीतर'च्या पुढं कुणी गेलं नाही. तिघांनी मानसिंगच्या उसाकडं पाहिलं. दोन पुरुष उंच, दाट, आडसाली ऊस. आत हत्ती पडला तर बाहेर कळणार नाही.

"ताई, हा धरा. लावत रहा, बंद करू नका." त्यानं मोबाईल वैजयंतीच्या हातात कोंबला आणि ओढ्यात उडी टाकली. "अजिंक्याऽऽ!"

*

जोतिराम आला तेव्हा त्याच्या गाडीच्या हँडलला लाल-रुपेरी पट्टीचं बंडल लटकत होतं. वैजयंतीनं विरुपाक्षच्याच मोबाईलवरून मधेच केलेल्या फोनवर त्याला एवढंच कळलं होतं की आई, गोफण, माणूस. तो ओढ्याच्या काठावर गाडी आडवी टाकून धावत आला. बायकोनं चार वाक्यांत सांगितलं. त्यानं आईकडं पाहिलं. ती उसाच्या कडेला बांधावर उभी होती, हातात ती गोफण तशीच, आत जाऊ का नको करत.

"सांगत हुतो का न्हाय?" तो ओरडला. "माळ्यावर चढू नगंस म्हनलं हुतं का न्हाय? पाखरू कुटलं आन माणूस कुटला कळंना तुला!"

 आयुष्यात पहिल्यांदा गोजाबाईजवळ शिवी नव्हती.

जोतिरामनं डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि तोंडापुढं कोपर धरून उसात शिरला. मग नुसते आवाज राहिले. पाचट मोडल्याचा. विरुपाक्षची हाक, लांबून. जोतिरामची हाक, जवळून. "हाय का रं कोनी?" "अजिंक्याऽ!" "हिकडची पाच सरी बघितली!" "वर बघा, शेंड्यावर कापड दिसतंय का?" "न्हाय दिसत!"

बांधावर गोजाबाई एकेका हाकेला कान लावून उभी. एक माणूस जिता निघाला हे देवानं दिलं होतं. दुसराही मागायचा म्हणजे हावरटपणा, पण ती मागत होती. वैजयंती मोबाईल कानाला लावायची, उतरवायची, पुन्हा हिरवं बटण दाबायची. टाचेतलं मेण ओढ्यात निघून गेलं होतं आणि चिखलात रक्ताचा बारीक धागा उतरत होता. तिचं लक्ष नव्हतं.

अकराव्या की बाराव्या खेपेला तिकडून कुणीतरी उचललं.

"हॅलो!" वैजयंती किंचाळली. "तुमी जिते हाय का?"

 तिकडून एक गोंधळलेला आवाज. "कोण बोलतंय? हा विरुपाक्षचा नंबर आहे ना?"

"ते ऱ्हाऊ द्या वो! तुमी अजिंक्य का? पडला का कुटं? लागलंय का?"

"नाही हो, ताई. मी करमाळ्यात आहे. देवळाखालच्या माळावर उतरून पाऊण तास झाला. पोहे खातोय. फोन पिशवीत होता. विरू कुठं आहे?"

वैजयंतीनं मोबाईल कानापासून काढला आणि उसाकडं तोंड करून अख्ख्या शिवाराला सांगितलं, "जिता हाय! करमाळ्यात पोहे खातोय!"

उसातले दोन्ही आवाज थांबले. मग विरुपाक्षचं हसू आलं, आधी खोकल्यासारखं, मग मोठं. दोघं बाहेर आले तेव्हा दोघांच्याही गालांवर पानांच्या लाल रेघा होत्या, दाढीत पाचट. जोतिराम बांधावर बसला आणि त्यानं उपरण्यात तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं.

"मग दुसरी छत्री?" विरुपाक्ष अजून हसत होता. "अव्वा, माझ्या घरच्यांना मी एकटाच पुरतो, तुम्ही दोन केलेत."

"हुती रं," गोजाबाई म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

विरुपाक्षचं हसू हळूहळू कमी झालं. तो तिच्यापुढं चार पावलांवर येऊन उभा राहिला आणि एक बोट वर केलं. "किती?"

"दोन."

जोतिरामनं उपरणं खाली घेतलं.

"उजवा डोळा झाका. आता?"

"एक."

"डावा झाका. उजव्यानं बघा."

तिनं डावा डोळा तळव्यानं झाकला. "दोन. एक ठसठशीत, एक फिकं. तुजं डोकं बी दोन हाय त्या डोळ्यानं."

"रात्री चांदोबा किती असतात?"

"दोन. म्हातारपणी दिसत्यातच की दोन." तिनं तिघांच्या तोंडांकडं पाहिलं. "न्हाय दिसत?"

"नाही दिसत, अव्वा. आमच्या आईला असंच व्हायचं. मोतीबिंदू. पंधरा मिनिटांचं काम असतंय, दुसऱ्या दिवशी पट्टी काढत्यात."

 उसावरून एक थवा उठला आणि निवांत ज्वारीकडं गेला. माळा मोकळा होता.

"कवापासनं?" जोतिरामनं विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासनं. आदी नुसतं धुकं हुतं."

"आन पाखरं कशी दिसत हुती?"

"थवा दिसतोय, एकेक पाखरू दिसतंय कुटं! आवाजानं कळतं. अंदाजानं फेकायचं."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर माळा मोडला असतास."

"मोडलाच असता!"

"मग?" गोजाबाई म्हणाली.

  जोतिराम उठला आणि तिच्या हातातली गोफण घेतली. रागानं नव्हे. हातात धरून वजन पाहिलं. "पेंगतीस म्हनलं म्या तुला," तो म्हणाला.

"म्हनलास."

"पेंगत न्हवतीस."

"न्हवते." मग तिनं, जणू आता सगळंच सांगून टाकावं म्हणून, आवाज खाली आणला. "आन गोटा लागावा लागत न्हाय, जोत्या. फटका वाजला की पाखरू उठतं. नेमाचं कौतुक माणसास्नी."

"मग मी वाजवतो आजचा दिस."

त्यानं जमिनीवरचा गोटा उचलून झोळीत घातला, डोक्याभोवती फिरवला आणि सोडला. गोटा मागं गेला. विरुपाक्ष खाली वाकला म्हणून वाचला. गोटा ओढ्यात पडला, डुबुक.

"अय्यो! ह्या घरात मला मारायचंच ठरलंय काय!"

आता मात्र गोजाबाई हसली. पोटातून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वैजयंती तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. सकाळपासून आवळून धरलेलं सगळं त्या हसण्यात सुटलं.

*

मोडलेला हरभरा परत उभा राहत नाही. वैजयंतीनं तो उपटून गोळा केला, पाचटाचा जाळ केला आणि हुळा भाजला. विरुपाक्षनं पाच एकर जागेवर पसरल्यासारखी वाटणारी ती छत्री घडी घालून एका पिशवीत बसवली. सासू-सुनांना हे उडण्यापेक्षा मोठं नवल वाटलं.

"घरी ठावं हाय का तुज्या?" काळ्या बोटांनी घाटे सोलत गोजाबाईनं विचारलं.

"आईला सांगितलंय, एसटीनं येतोय."

"मग एसटीनंच जा आता."

"तेच करावं लागणार. पातं पुण्याहून येईपर्यंत."

"आन पुन्यांदा येशील तवा उसावरनं खाली नगं येऊ. वरनं जा. पाखरं उठत्यात."

"वरून जाईन, अव्वा. गोफणीच्या टप्प्याच्या वरून."

"टप्पा म्हाईत हाय का तुला?"

"आज कळला."

जोतिराम माळ्यावर जायला निघाला. हँडलवरचं बंडल त्यानं काढलं, माळ्याच्या दिशेनं दोन पावलं गेला, परत येऊन ते आईच्या पुढ्यात ठेवलं. "तू सांगशील तितं बांधतो," म्हणाला, आणि गेला. जरा वेळानं ज्वारीतून त्याची हाक आली, "हाऽऽ होऽऽ!" आणि मागोमाग एक शिवी, कच्ची, चारचौघांत देण्याजोगी. गोजाबाईनं मान हलवली. शिकेल.

जाळ विझत आला होता. ऊन पाठीवर बरं वाटत होतं. तिनं हुळ्यातला एक गरम हरभरा तोंडात टाकला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून शिवाराकडं पाहिलं. दोन माळे. दोन जोतिराम. ओढ्याकाठी करंजांच्या दोन रांगा, एक ठसठशीत, एक फिकी. मेलेला मात्र एकही नव्हता.

*

गेली दिवाळी सरल्यावर वाडीच्या शाळेत डोळ्यांचं शिबीर भरलं होतं. गोजाबाईचं नाव यादीत सतरावं होतं, आणि चौदावं पुकारलं तेव्हा ती ज्वारी खुरपायला निघून गेली होती.